हत्तीची जागा

टिप्याला टिप्या हे नाव त्याच्या ताईने ठेवलं. ते ‘टापटीप’वरून आलं, हे आता ताई सोडून कुणाला आठवतही नसेल. कारखान्यात तो स्टोअरचा साहेब आहे. वायसरपासून मोटारीपर्यंत कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे तो डोळे मिटून सांगतो, आणि घरी आल्यावर डोळे उघडून तेच करतो. चमच्यांचे दांडे एकाच दिशेला हवेत. चपलांची टोकं भिंतीकडे हवीत. जिथली वस्तू तिथे, आणि जिला जागा नाही तिला घरात थारा नाही, असा त्याचा कायदा. या कायद्याला वैतागून वैतागून बायको शेवटी हसायला शिकली. एकदा त्याने कपाटाची जास्तीची किल्ली ‘ही कशाची कोण जाणे’ म्हणून कचऱ्यात टाकली होती. तेव्हापासून कचऱ्याचा डबा रिकामा करण्याआधी ती त्यात डोकावते. “हा टाकतो, मी उचलते, असा आमचा संसार चाललाय,” असं ती शेजारणीला सांगते, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

अशा माणसाच्या बाहेरच्या खोलीत, टेबलाखाली, कॉम्प्युटरचं एक काळं धूड उभं होतं. त्याच्यावर कुणी काम करत नव्हतं. घरात दोन लॅपटॉप होते. पण टिप्याने त्या धुडाला हात लावू दिला नव्हता. कारण तो कॉम्प्युटर त्याचा नव्हताच. तो ताईचा आणि त्याचा होता.

ताई कॉलेजात आणि टिप्या शाळेत असताना दोघांनी मिळून बाबांचं डोकं खाल्लं होतं. खेळायचा कॉम्प्युटर हवा. साधा नको, खेळायचाच हवा. बाबा शेवटी हो म्हणाले, पण अट घातली, “एकदाच. कुठला भाग बिघडला की तो दुकानात परत, आणि मग पुन्हा नाव काढायचं नाही.” भाग निवडले ताईने. त्यात पडद्यावर चित्र उभं करणारं ग्राफिक्स कार्ड म्हणजे सगळ्या वऱ्हाडातला नवरदेव. विटेएवढं जाड, स्वतःचा पंखा असलेलं, आणि वजनाला असं की बाबांनी ते हातावर तोलून पाहिलं आणि म्हणाले, “नाकापेक्षा मोती जड आहे हा.” ताईला तेव्हा ते बोलणं लागलं होतं.

दोघं एकच खेळ खेळायचे. त्यात एक जहाज होतं. सुकाणू ताईकडे, शिडं टिप्याकडे. कीबोर्ड एकच, त्यामुळे डावी बाजू तिची, उजवी त्याची, आणि मधे दोघांच्या कोपरांची लढाई. बंदरामागून बंदर घेत ते शेवटच्या धुक्यापाशी आले. धुक्यापलीकडे एकच बंदर उरलं होतं. आईने जेवायला हाक मारली, मग पुन्हा मारली, मग स्वतः येऊन पडदा बंद केला. दुसऱ्या दिवशी ताई नर्सिंगच्या शिक्षणाला दूरच्या शहरात गेली. जाताना बस सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली, “एकट्याने पुढे जायचं नाही हं.” तो म्हणाला, “नाही.” आणि खरंच गेला नाही. ताई सुट्टीत यायची तेव्हा कधी तिचं लग्न असायचं, कधी त्याची परीक्षा, कधी बाबांचं दुखणं. जहाज धुक्याच्या तोंडाशी उभंच राहिलं. नंतर आई त्या कॉम्प्युटरवर दुपारचे पत्ते लावायची. एवढ्या मोठ्या नवरदेवाला तिने पत्ते वाटायच्या कामाला लावलं होतं, आणि तो बिचारा बिनतक्रार वाटत होता.

मग आई गेली. ताईला ड्यूटीवर परतावं लागलं. ती म्हणाली, “मी आठवड्याने येते. घर दोघं मिळून आवरू.” ती आली तेव्हा घर आवरून झालं होतं. आवरून म्हणजे काय, लख्ख. कपाटं रिकामी, फरशी पुसलेली, खिडक्यांना पडदेसुद्धा नाहीत. आईचा शिवणाचा डबा, चष्मा, अर्धवट विणलेला स्वेटर, काही नाही. ताई दारात उभी राहिली. आत पाऊलही न टाकता म्हणाली, “टिप्या, तू आईलासुद्धा आवरून टाकलंस.” त्याला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून दोन वर्षं ती त्याच्याकडे आली नव्हती. फोन व्हायचे, पण हवापाण्याचे.

या महिन्यात तिचा फोन आला की कसल्याशा प्रशिक्षणासाठी ती त्याच्या शहरात येते आहे. हॉटेल ठरलेलं होतं. “एक रविवार मोकळा आहे, पण बघू, जमेलसं वाटत नाही,” ती म्हणाली. ती फोन ठेवणार एवढ्यात टिप्याच्या तोंडून निघून गेलं, “आपला कॉम्प्युटर आहे अजून. चालतो. जहाज तिथेच आहे.”

मग ताई वेगळ्याच आवाजात म्हणाली, “खरं? तो नाही टाकलास?”

“नाही.”

“मग येते रविवारी.”

आता टिप्यासारख्या माणसाने काय करावं? जे चालतंय त्याला हात लावू नये, हे शहाणपण जगात सगळ्यांना येतं, फक्त टापटीप माणसांना येत नाही. ताई येणार म्हणून आधीच्याच रविवारी त्याने कॉम्प्युटर साफ करायला काढला. कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं निजवलं, बाजूचं झाकण उघडलं, आणि आत वर्षानुवर्षांची धूळ अशी बसली होती की त्याला एकाच वेळी किळस आली आणि आनंद झाला. ब्रश, फुंकणी, कापसाच्या काड्या, सगळी हत्यारं बाहेर आली. आणि त्या धुळीत, एका कोपऱ्यात, आडवा पडलेला त्याला बुद्धिबळातला हत्ती सापडला. काळा हत्ती.

टिप्या खुर्चीवर बसलाच.

या हत्तीचा एक इतिहास होता. बुद्धिबळाचा पट टिप्याचा होता. कॉम्प्युटर घरात आला त्याच सुमारास त्यातला एक काळा हत्ती हरवला. बाबांनी त्याला घरातल्या प्रत्येक पलंगाखाली आणि कपाटाखाली हात घालायला लावला होता. हत्ती मिळाला नाही. “वस्तू जागेवर ठेवायची सवय नसली की असंच होतं,” बाबा म्हणाले, आणि टिप्या पलंगाखालीच पडून रडला. शेवटी आईने शिवणाच्या डब्यातून काळ्या दोऱ्याचं एक लाकडी रीळ काढून दिलं. “घे. हा तुझा हत्ती. सोंड नाही एवढंच.” सोंड तर हरवलेल्या हत्तीलाही नव्हती, पण टिप्याला हसू आलं. तेव्हापासून रीळच हत्ती झालं. ते पेटीच्या खाचेत नीट बसायचं नाही, त्यामुळे पेटीचं झाकण कायम थोडं उघडं राहायचं. आणि तेव्हापासूनच टिप्या झोपण्याआधी सोंगट्या मोजायला लागला. सोंगट्यांवरून पेन्सिली, पेन्सिलींवरून चपला, चपलांवरून अख्खं स्टोअर.

‘कधीतरी उघड्या कॅबिनेटमध्ये पडला असणार,’ त्याने मनाशी म्हटलं. हत्ती साबणाने धुतला, पुसला, पेटीतून रीळ काढून टाकलं आणि हत्तीला त्याच्या खाचेत बसवलं. झाकण टक् करून लागलं. इतक्या वर्षांनी! तो आवाज त्याने बायकोला बोलावून पुन्हा दोनदा ऐकवला. बायको म्हणाली, “अभिनंदन,” आणि भाजी बघायला गेली.

कॉम्प्युटर झाकण लावून जागेवर उभा केला. सुरू केला. जहाज दिसलं. धुकं दिसलं. टिप्याने समाधानाने मान हलवली, आणि तेवढ्यात समुद्रावर हिरवे-गुलाबी चौकोन उगवले. आधी दोनचार, मग पाण्यावर शेवाळ पसरावं तसे सगळीकडे. मग पडदा काळा.

ज्या एका गोष्टीसाठी ताई यायला तयार झाली होती, ती गोष्ट त्याच्या हातात आठवडाभर आधी मरू पाहत होती. ती म्हणणार होती, ‘हेही आवरलंस.’ आणि त्याला पुन्हा उत्तर सुचणार नव्हतं.

तो हातपाय गाळणारा माणूस नव्हता. स्टोअरमध्ये एखादा भाग खराब निघाला की एकेक शक्यता खोडत जायचं, ही त्याची पद्धत. सोमवारी संध्याकाळी त्याने पडद्याची वायर बदलली. चौकोन आले. शेजाऱ्यांचा मॉनिटर मागून आणला. त्यावरही आले, उलट जास्त ठळक आले. म्हणजे पडदा निर्दोष. मंगळवारी कार्ड चालवणारा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. चौकोन आले. मग कार्ड तापतंय का पाहिलं. तापमान अगदी शहाण्या मुलासारखं. तरीही त्याने कॅबिनेट टेबलावर आडवं घेतलं, कार्ड खाचेतून काढलं, चिप गार ठेवणारा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, कार्डाची सोनेरी किनार खोडरबरने घासून चकचकीत केली. कार्ड परत बसवलं आणि टेबलावरच चाचणी लावली. पडद्यावर एक काचेचा गोळा गरगर फिरत राहतो आणि कार्डाचा घाम काढतो, अशी ती चाचणी. गोळा जेवणं होईपर्यंत फिरला. एक चौकोन नाही. टिप्याने शीळ घातली. कॉम्प्युटर उचलून टेबलाखाली जागेवर ठेवला, सुरू केला, आणि पाच मिनिटांत समुद्राला शेवाळ.

बुधवारी रॅमच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. टेबलावर ठणठणीत, जागेवर आजारी. त्याला वाटलं, टेबलाखालच्या प्लगमध्येच खोट आहे. त्याने स्वयंपाकघरातून लांब वायर ओढली. तीत अडखळून बायकोच्या हातचं पातेलं पडलं, पण चौकोन काही पडायचे थांबले नाहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार आठवडाभर चालला होता, आणि रेडा कोण हे काही त्याला कळत नव्हतं.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून तो दुरुस्तीच्या दुकानात गेला. कॉम्प्युटर गाडीच्या मागच्या सीटवर निजवून, पट्टा लावून नेला. दुरुस्तीवाल्यानेही तो आपल्या बाकावर आडवाच ठेवला, झाकण उघडलं, चाचणी लावली. दोघांचा चहा झाला. गोळा फिरतच होता.

“साहेब, याला काही झालेलं नाही,” दुरुस्तीवाला म्हणाला. “तुम्हाला काय होतंय?”

“घरी चौकोन येतात हो. शपथेवर सांगतो.”

“वय झालंय त्याचं. आतले टाके कमजोर झाले असतील. असं कार्ड आता मिळायचं नाही, आणि नवं याला बसायचं नाही. चालेल तितके दिवस चालवा.” आणि कॅबिनेटवर थाप मारून म्हणाला, “पण साफ मात्र छान ठेवलाय हं.”

घरी आल्यावर चौकोन आले. बायको दारात उभी राहून बघत होती. “माझ्या मामांचं अस्संच होतं,” ती म्हणाली. “डॉक्टरसमोर एकदम तरतरीत. घरी आले की कण्हायला सुरुवात.” टिप्याला हसू आलं नाही. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “अरे, ती कॉम्प्युटर बघायला येत नाहीये. तुला भेटायला येतेय.”

“तुला नाही माहीत,” तो म्हणाला. “तो नसता तर ती आली नसती.”

रविवार उजाडला. सकाळपासून कॉम्प्युटर पुन्हा टेबलावर आडवा होता आणि गोळा सुखाने फिरत होता. ताई जेवायला यायची होती. बायकोने ताटं आणली आणि म्हणाली, “आता टेबल दे मला.” बंद करायला वेळ नव्हता, म्हणून टिप्याने चालू कॉम्प्युटरच दोन्ही हातांनी धरून टेबलाच्या कडेला उभा केला.

गोळ्यावर चौकोन आले.

त्याने कॅबिनेट आडवं केलं. चौकोन गेले. उभं केलं. आले. आडवं. गेले. बायको ताटं हातात घेऊन बघत राहिली.

“म्हणजे झोपलं की बरं असतं,” ती म्हणाली.

टिप्याने कॅबिनेट उभं करून आत बॅटरी मारली आणि कार्डाच्या खाली फूटपट्टी आडवी धरली. खाचेकडचं टोक सरळ होतं. दुसरं, अधांतरी असलेलं टोक खाली झुकलं होतं. इतका वेळ त्याने जिथे जिथे तपासलं तिथे तिथे कॅबिनेट निजवून तपासलं होतं, आणि निजवलं की कार्ड सरळ उभं राहायचं, वजन कुठेच पडायचं नाही. उभं केलं की ती वीट लोंबायची आणि खाचेतला तिचा दात ढिला व्हायचा. नाकापेक्षा मोती जड. बाबा काय म्हणाले होते ते इतक्या वर्षांनी त्याला पटलं.

पण मग एक प्रश्न उरला, आणि तो प्रश्न त्याला आवडला नाही. आईकडे कॉम्प्युटर उभाच असायचा. पार शेवटपर्यंत. इथे आणल्यावरही उभाच होता, आणि दर महिन्याला तो सुरू करून बघायचा तेव्हा एकही चौकोन दिसला नव्हता. तेव्हा आणि आता यांच्यामध्ये एकच गोष्ट घडली होती. त्याने तो साफ केला होता. टिप्या फूटपट्टी हातात धरून उभा असतानाच दारावरची बेल वाजली.

ताई जाड झाली होती आणि केस पांढरे झाले होते. तिने दारात चपला काढल्या. एक आडवी पडली, एक तिच्यावर चढली. टिप्याचा हात आपोआप खाली जाऊ लागला, तो त्याने मागे घेतला. ताईने ते पाहिलं. बायकोने तिला पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं. ताई सगळ्याला “हो, ठीक” म्हणत होती आणि नजरेने खोली शोधत होती. मग तिला टेबलावरचं ते काळं धूड दिसलं, आणि तिचा चेहरा एकदम कॉलेजातल्या मुलीसारखा झाला.

“आहे की रे!” ती म्हणाली. “मला वाटलं, उगाच म्हणत असशील.” तिने कॅबिनेटवरून हात फिरवला. “पण आडवा का?”

“आता आडवाच ठेवावा लागतो.”

“का? उभा कर बघू.”

टिप्याने उभा केला. चौकोन आले. पडदा काळा झाला.

“आईकडे तर उभाच चालायचा,” ताई म्हणाली.

“हो.”

“मग तू काय केलंस?”

खोटं बोलायचं टिप्याच्या मनात आलं. म्हातारा झालाय, टाके कमजोर झालेत, असं सगळं दुकानातलं भाषण तयार होतं. पण ताईसमोर त्याला कधीच खोटं बोलता आलं नव्हतं.

“साफ केला,” तो म्हणाला.

“साफ केलास,” ताई म्हणाली. तिचा चेहरा पुन्हा दोन वर्षांपूर्वीच्या दारातला झाला. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकली. ताई पर्स उचलते की काय, असं तिला वाटलं. पण ताई नर्स होती, समोरचा आजारी असताना उठून जायची तिला सवय नव्हती. तिने टिप्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली, खाली वाकली, आणि रोग्याचा घसा तपासावा तशी कॅबिनेटच्या आत पाहू लागली. पाहता पाहता तिने विचारलं, “हत्ती कुठाय?”

“कुठला हत्ती?”

“इथे होता तो. कार्डाच्या खाली, डिस्कच्या पिंजऱ्यावर. काळा.”

टिप्या कपाटाकडे गेला. बुद्धिबळाची पेटी आणून त्याने टेबलावर ठेवली आणि उघडली. बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या आपापल्या खाचेत होत्या. “आत पडलेला मिळाला,” तो म्हणाला. “मला वाटलं, चुकून पडलाय. म्हणून धुऊन जागेवर ठेवला.”

“जागेवर!” ताईने कपाळाला हात लावला. “अरे, तो पडला नव्हता. तू कॅबिनेट आडवं केलंस म्हणून पडला. मी लावला होता तो. आणल्यावर महिनाभरातच ते कार्ड लोंबायला लागलं होतं. बाबांना कळलं असतं तर दुकानात परत गेलं असतं. मी खोडरबर लावून पाहिलं, बाटलीचं बूच लावून पाहिलं, काहीच उंचीला बसेना. हत्ती बरोब्बर बसला.”

“आणि मी पलंगाखाली शोधत होतो.”

ताईचा आवाज उतरला. “बघत होते मी. तू रडत होतास, आणि मी सांगितलं नाही. कार्ड जाईल म्हणून.”

टिप्याने आपल्या घराकडे पाहिलं. भिंतीशी टेकलेल्या चपला, उतरत्या उंचीने लावलेले डबे, पडद्यांच्या सारख्या चुण्या. “म्हणजे हे माझं सगळं...” तो म्हणाला, “तुझ्या एका हत्तीमुळे?”

“ताई,” उंबऱ्यातून बायको म्हणाली, “हे तुम्ही मला लग्नाआधी सांगायला हवं होतं.”

ताई हसली. टिप्याही हसला. किती दिवसांनी दोघं एकत्र हसत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही आठवडाभर! हसता हसता ताईने हत्ती उचलायला पेटीत हात घातला, आणि तिचं हसू थांबलं. तिने हत्ती काढला. ती रिकाम्या खाचेकडे बघत राहिली.

“आणि रीळ?” ती म्हणाली. “आईचं रीळ होतं ना इथे?”

टिप्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“टिप्या, रीळ कुठाय?”

“टाकलं,” तो म्हणाला. “हत्ती मिळाला, म्हणून...”

ताई खुर्चीवर बसली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर टिप्याला बरं वाटलं असतं. “आईच्या शिवणाच्या डब्यातलं जगात तेवढं एकच उरलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, ते तरी असेल. बुद्धिबळात असेल, म्हणून याच्या हातून सुटलं असेल.”

दोन वर्षांपूर्वी दारात जे उत्तर सुचलं नव्हतं ते टिप्याला आता आलं. सुचलं असं नाही, आपलं आपणच बाहेर पडलं. “ताई, मी घर आवरत नव्हतो गं,” तो म्हणाला. “मला ते बघवत नव्हतं. चष्मा उशीपाशी होता. सुई स्वेटरमध्ये होती. डबा खिडकीत होता. सगळं अगदी जागेवर होतं, ताई. फक्त ती नव्हती. मी रोज जायचो आणि सगळं जागेवर असायचं. तुझी वाट बघायची होती मला. नाही बघता आली.”

एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला. पलंगाखाली रडला होता तसाच. ताईने त्याचा हात धरला. तिच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते तिने पुसलं नाही.

बायको आत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात काळ्या दोऱ्याचं लाकडी रीळ होतं.

“हे का?” ती म्हणाली. “मला काय माहीत हे कुणाचं ते. कचऱ्यात दिसलं, चांगला मजबूत दोरा, म्हणून उचलून ठेवलं. बुधवारी याच्या शर्टाचं बटण तुटलं होतं ना, त्या पातेल्याच्या गडबडीत, ते मी या दोऱ्यानेच लावलंय.”

ताईने रीळ घेतलं. ते ओंजळीत धरलं, नाकाशी नेलं. मग तिने टिप्याकडे पाहिलं. तोच शर्ट त्याच्या अंगात होता, ती येणार म्हणून घातलेला. तिने पुढे होऊन एकेक बटण पाहिलं आणि काळ्या दोऱ्याचं सापडलं. पांढऱ्या शर्टावर काळा दोरा, आणि त्या टापटीप माणसाच्या ते चार दिवसांत लक्षातही आलं नव्हतं. ताईने बटण चिमटीत धरून ओढून पाहिलं. तो शाळेत जाताना आई पाहायची तसं.

“पक्कं आहे,” ती म्हणाली.

“तू घेऊन जा रीळ,” टिप्या म्हणाला. “तुझ्याकडे राहू दे.”

ताईने विचार केला. मग रीळ पेटीत, हत्तीच्या खाचेत ठेवलं. ते बसलं नाही, वर आलं. तिने झाकण लावलं. झाकण थोडं उघडं राहिलं.

“चालेल तुला?” तिने विचारलं.

“चालेल,” टिप्या म्हणाला, आणि त्याने पेटी तशीच उचलून फळीवर ठेवली.

मग ताईने कार्ड बोटाने उचलून धरलं आणि टिप्याने खालून हत्ती सरकवला. तो बरोब्बर बसला. कॉम्प्युटर टेबलाखाली उभा राहिला. बायको म्हणाली, “ताटं वाढलीत, गार होतील,” आणि तिचं कुणीही ऐकलं नाही. दोघांनी एकेक खुर्ची ओढली. पडद्यावर धुकं होतं, आणि धुक्याच्या तोंडाशी त्यांचं जहाज, शिडं उतरवून उभं. ताईने डावी बाजू घेतली, त्याने उजवी. दोघं बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. एकही चौकोन आला नाही.

“शिडं चढव,” ताई म्हणाली.

त्याने चढवली. जहाज हललं.

“कोपर काढ, टिप्या.”

“तुझंच येतंय.”

बायकोने आणखी एकदा हाक मारली. मग बाहेर येऊन पडदा बंद करायला हात पुढे केला, पण त्या दोघांकडे पाहून तो मागे घेतला, आणि त्यांच्यामागे एक स्टूल ओढून तीही बसली.